इथे कुठे परदेश आलाय?

नेपाळची ट्रिप झाली. पोखरा, सारंगकोटचा सूर्योदय, चितवनचे गेंडे, सगळं झकास. त्यावर लोकांनी पोत्याने लिहिलंय. मला लिहायचंय ते लुंबिनीतल्या एका चहाच्या दुकानाबद्दल.

सुनौलीला सीमा ओलांडल्यापासून आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं पालुपद सुरू होतं: "इथे कुठे परदेश आलाय? पाट्या देवनागरीत, देव तेच, व्हिसाची भानगड नाही. आपलंच एक राज्य समजा!" घड्याळ १५ मिनिटं पुढे करायलाही गडी तयार नव्हता.

लुंबिनीत अशोकस्तंभ पाहिला. बुद्ध इथे जन्मले आणि म्हणून गावाचा कर कमी केला, असं सम्राटाने त्यावर कोरून ठेवलंय. तो बघून बाहेर येतो न येतो तोच काका चहावाल्याला म्हणाले, "बुद्ध शेवटी आमचेच की!" वर ५००ची नोट पुढे करून सुटे भारतीयच हवेत म्हणून हट्ट. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०, हा हिशोब त्यांना जमत नव्हता असं नाही, करायचा नव्हता.

चहावाला चिडला नाही. हिंदीतच म्हणाला, "माझी बहीण गोरखपूरला दिलीय. म्हणून माझं घर तिच्या सासऱ्यांचं झालं का?" मग २०१५ निघालं. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आणि लगोलग सीमेवर अडकलेले ट्रक. दिल्ली म्हणत होती, मधेशींच्या, म्हणजे भारताच्या सीमेलगत राहणाऱ्या नेपाळी लोकांच्या, आंदोलनामुळे गाड्या अडल्या. काठमांडू म्हणत होतं, भारताने नाकाबंदी केली. "आंदोलन करणारेही आमचेच होते," तो म्हणाला. पण सिलिंडर मिळेना, तेव्हा काही महिने याच दुकानात लाकडं जाळून चहा झाला. मागची भिंत अजून काळी आहे, दाखवली त्याने.

काका म्हणे, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" मला राहवेना. २०२०मध्ये नेपाळने कालापानी, लिपुलेख हे भारत-नेपाळ सीमेवरचे वादग्रस्त भाग आपल्या नकाशात घेतले तेव्हा हेच काका सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर पेटले होते. आणि बेळगावचा विषय काढून बघा त्यांच्यासमोर! सिंगापूरला जाऊन कुणी "हे आपलंच" म्हणतं का? तिथे रांगेत गुपचूप उभे राहतात. जवळच्यांकडे मात्र चपला घालून थेट स्वयंपाकघरात.

शेवटी पैसे मी दिले, नेपाळी. काका बसपर्यंत बोलले नाहीत, हा त्या दिवसाचा खरा फायदा.

काठमांडूबद्दल काय सांगू, पशुपतिनाथाला तुफान गर्दी होती. लुंबिनीला राहणार असाल तर डासांची अगरबत्ती घरून न्या. हॉटेलवाल्याने मागून मागून एक दिली, तीही अर्धी.