स्लाइडवरचे निळे ठिपके

बुधवार, रात्री

आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली शेवटची स्लाइड स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगाची होती. ईआर आणि पीआर हे हार्मोनचे ग्राहक आणि पेशींच्या वाढीला चालना देणारं हर-टू प्रथिन, तिन्ही नाहीत; हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही, असा अवघड प्रकार. पण गाठीच्या पेशींमधल्या जागेत लिम्फोसाइट्सची, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, नुसती दाटी. गडद निळं गोल केंद्रक, भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड. काही तर थेट गाठीच्या घोळक्यात घुसलेले. रिपोर्टमध्ये टिल्स (गाठीत शिरलेले लिम्फोसाइट) ६० टक्के लिहिले. या प्रकारात ते जितके जास्त, तितकी केमो लागू पडण्याची आणि आजार न उलटण्याची शक्यता चांगली.

सकाळी रिपोर्ट न्यायला आलेल्या ताईंनी विचारलं होतं, "मॅडम, माझी प्रतिकारशक्तीच कमी पडली ना?" उपासतापास फार केलेस म्हणून झालं, असं घरच्यांनी ऐकवलेलं. फार वाईट वाटलं. आधीच भेदरलेल्या बाईच्या माथी हा दोष कशाला?

शरीर स्वस्थ बसलेलं नसतं. १९८२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे ९ टक्के जणींच्या रक्तात पी-५३ या पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिकारक प्रथिनं, सापडल्या. १९९४ मध्ये सिएटलच्या डॉ. मेरी डिसिस आणि सहकाऱ्यांना काही रुग्णांत हर-टूविरुद्ध अँटिबॉडी दिसल्या, टी-पेशीही (लिम्फोसाइटचाच एक प्रकार). कुणी लस टोचलेली नव्हती. आणि हर-टू तर आपल्याच शरीराचं प्रथिन, निरोगी पेशींवरही थोडंफार असतंच!

मला सगळ्यात नवल वाटतं ते म्यूक-१ या प्रथिनाचं. दुधाच्या नलिकांमधल्या पेशींवर हे प्रथिन साखरेच्या लांब साखळ्यांनी झाकलेलं असतं. कर्करोगात त्या साखळ्या खुरटतात, आतला भाग उघडा पडतो, आणि तोच शरीराला परका वाटतो. फॉलो-अपला सीए १५-३ ही रक्ततपासणी करायला सांगतात ना, त्यात याच प्रथिनाचा रक्तात सुटलेला अंश मोजतात. काही जणींच्या रक्तात त्याविरुद्धही अँटिबॉडी असतात, आणि लवकरच्या टप्प्यात निदान झालेल्यांपैकी ज्यांच्यात त्या जास्त, त्या पुढे अधिक जगल्याचं दिसलं आहे.

मग गाठ वाढते कशी? तीही हुशार असते. काही पेशी ओळखीच्या खुणाच गाळून टाकतात, काही पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून टी-पेशींना थोपवतात. काही स्लाइड्सवर लिम्फोसाइट शोधूनही सापडत नाहीत, आणि त्यातही त्या बाईचा काडीचा दोष नसतो. नातेवाईक इम्युनिटीच्या पावडरीचे डबे आणतात, त्यांनी हा अडसर हटत नाही. पीडी-एल१चा तो अडसर हटवणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध निवडक ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांना केमोसोबत देतात, पण त्याचा खर्च लाखांत जातो. टी-पेशी गाठीपर्यंत पोचलेल्या मी डोळ्यांनी पाहते, आणि घरात पैसे नाहीत म्हणून कितीतरी जणींना हे औषध मिळत नाही. याचा मला मनापासून राग येतो.