उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?

सुट्टीतल्या विज्ञानवर्गात मी मुलांना पहिला प्रश्न हाच विचारते. उत्तर ठरलेलं: "हो, म्हणून तर उकडतं!" मुलांचा यात दोष नाही. पुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा इतकी लांबुळकी काढलेली असते की कुणालाही तसंच वाटेल. खरं तर ती जवळजवळ गोल आहे. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आपल्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. म्हणजे उत्तर गोलार्ध थंडीने कुडकुडतो तेव्हाच तो जास्त जवळ! हे दोन आकडे फळ्यावर लिहून मी गप्प बसते. पुढचा गोंधळ होऊ द्यायचा.

मग टॉर्च काढायचा. पुढे पुठ्ठ्याची नळी लावली की झोत पसरत नाही. आलेखाच्या कागदावर आधी सरळ वरून झोत टाकायचा, उजेडाच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. नंतर तेवढ्याच अंतरावरून टॉर्च तिरका धरून पुन्हा मोजायचं. अर्धवट चौकोन धरायचे की सोडायचे यावर दर वेळी भांडण होतं आणि मी ते मिटवत नाही. नियम त्यांचा, फक्त दोन्ही वेळा तोच लावायचा. झोत कागदाशी ३० अंशांवर आला की चौकोन साधारण दुप्पट होतात. उजेड तेवढाच, त्यामुळे एकेका चौकोनाच्या वाट्याला निम्मा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य मी यानंतरच उच्चारते. शिवाय उन्हाळ्यात दिवसही मोठा असतो, तेव्हा ऊन वरून पडतं आणि जास्त वेळही पडतं.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो मात्र त्रिकोणी भोकाचा प्रयोग. पुठ्ठ्याला अगदी बारीक त्रिकोणी भोक पाडून उन्हात धरा. कागद जवळ असला तर उजेडाचा ठिपका त्रिकोणी दिसतो. कागद लांब लांब नेला की त्रिकोणाचे कोपरे विरघळतात आणि ठिपका चक्क गोल होतो. ती सूर्याची प्रतिमा! भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, पाठ सूर्याकडे आणि डोळे कागदावर, हे मी दर पाच मिनिटांनी ओरडून सांगते. कागद भोकापासून २ मीटरवर असेल तर प्रतिमा १८-१९ मिलिमीटर भरते. १५ कोटी किलोमीटर अंतर घेऊन त्रैराशिक मांडलं की सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास येतो. खरा आहे सुमारे १३.९ लाख. पट्टी आणि पुठ्ठ्याच्या मानाने छानच की!

जुन्या सीडीवरून दिव्यांचे रंग बघणं सोपं आहे, त्यावर फार लिहीत नाही. साध्या पिवळ्या बल्बचा पट्टा सलग येतो, ट्यूबलाइटचा तुटक. सीडीत सूर्याचं प्रतिबिंब मात्र बघायचं नाही.

ताऱ्यांचे रंग मुलांना आधी पटतच नाहीत, सगळे पांढरेच दिसतात म्हणतात. मग मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य एकापाठोपाठ एक दाखवायचे. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,५०० अंश, राजन्यचं १२,००० च्या घरात. निळा म्हणजे जास्त तापलेला, यावर पुन्हा वाद, कारण नळावरची लाल खूण गरम पाण्याची असते! द्विनेत्री असेल तर फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ताऱ्याचा ठिपका पसरतो आणि रंग लगेच ओळखू येतो.