तुम्ही विचारलंत म्हणून: अब्बांना लिफ्टचं घर का नाही?

ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. अब्बांचे गुडघे आणि चौक मंडईतला तिसरा मजला सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे विचारतात ते काळजीनंच. "अहो, त्यांना इकडे का नाही आणत? इंदिरानगरला, पाथर्डी फाट्याला किती बिल्डिंगा झाल्यात. लिफ्ट असते, खाली चार पावलं फिरणं होईल." मी "बघू" म्हणते आणि डबा उघडते. परवा तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते.

अब्बा नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते, १९६७ ते २००३. आम्ही भावंडं नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. क्वार्टर यादीनं मिळायचं, नोकरी किती वर्षं आणि पगार किती ते बघून. आडनाव यादीत असायचं, हिशेबात नसायचं. (फराळ आणि शीरखुर्म्याच्या ताटांबद्दल मी काही लिहिणार नाही, ते सगळ्यांनी लिहून झालंय. आमचं भांडण व्हायचं ते वरच्यांच्या ओल्या चादरी आमच्या पापडांवर ठिबकायच्या म्हणून.)

नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं. म्हणजे घर शोधायची पहिली वेळ अब्बांवर आली ती साठाव्या वर्षी. तोवर नाव ऐकून त्यांना कुणी घर नाकारलं नव्हतं, कारण कुणाकडे घर मागावंच लागलं नव्हतं.

जेल रोड, उपनगर, जय भवानी रोड असं सगळं पालथं घातलं. फोन मीच करायची.

"ब्लॉक आहे ना?"

"आहे की. दुसरा मजला, हवेशीर. आपलं नाव?"

नाव सांगितलं की तिकडे जरा शांतता. मग, "अहो, आत्ताच टोकन आलं बघा." मालक म्हणायचे, आमचं काही नाही हो, सोसायटीचं आहे. सोसायटीवाले म्हणायचे, आमचं काही नाही, मालकाला विचारा. एके ठिकाणी जिन्यातच मटणाच्या रश्श्याचा वास दरवळत होता आणि आम्हाला सांगितलं, इथे नॉनव्हेज चालत नाही. एका एजंटनं तर सरळ सांगितलं, "तुमच्या लोकांसाठी वडाळ्याकडे आहेत ना स्कीमा."

प्रेसमधले एक काका म्हणाले, माझ्या नावावर घे, नंतर बघू. अब्बा हसून म्हणाले, "आणि पत्र आलं तर पोस्टमन कुणाच्या हातात देणार?" देशाचे स्टॅम्प पेपर जिथे छापले जातात त्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाशी करारनामा करायला अख्ख्या नाशिकरोडात कुणी मिळालं नाही.

शेवटी फंडाच्या पैशात जुन्या नाशकात हे घर घेतलं. तळमजल्यावर दुकानं, वर तीन मजले, लिफ्ट नाही. साठीच्या ठणठणीत माणसाला तीन मजले म्हणजे काय, असं तेव्हा आम्हालाच वाटलं होतं.

पायऱ्या चोपन्न आहेत. पंच्याहत्तरीपर्यंत अब्बा दोनदा चढायचे-उतरायचे. मग एकदा. मग फक्त जुम्म्याला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्यासाठी वळणावर एक स्टूल ठेवलंय, त्याचा एक पाय तोकडा म्हणून खाली घडी केलेला पुठ्ठा. आता ते ब्याऐंशीचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गल्लीतल्या चार पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. वळणावर खुर्ची आडवी करावी लागते, तेव्हा अब्बा डोळे मिटून घेतात. पडायची भीती नसते, लाज वाटते म्हणून. तपासणीची तारीख आली की "बरं वाटतंय मला, कशाला जायचं" हे ठरलेलं. डॉक्टरांना वाटतं म्हातारा हट्टी आहे.

आता विका आणि दुसरं घ्या, हे तुमच्या ओठावर आलं असेल. त्याच काकांनी त्याच सुमारास, तेवढाच फंड घालून जेल रोडला ब्लॉक घेतला. मागे तो चांगल्या किमतीला विकून ते तळमजल्यावर राहायला गेले. आमचं घर घेणार कोण? आमच्यातलाच कुणीतरी, आणि त्याला कर्ज मिळालं तर. सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात लिहून ठेवलंय की काही बँका ठराविक वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात आणि तिथे कर्ज सहजी देत नाहीत. आमच्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाला बँकेत "एरियाचा प्रॉब्लेम आहे" एवढंच ऐकवलं गेलं. म्हणजे २००३ साली मिळालेला नकार तिथेच संपला नाही, त्याचं व्याज आम्ही अजून भरतोय.

कायद्याचंही विचारता. मी वकील नाही, पण गरजेपोटी वाचलंय. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई केली आहे. घराचं नाव त्यात नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात सभासदत्व खुलं ठेवायचं कलम आहे खरं. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात आपल्याच समाजापुरतं सभासदत्व ठेवणारी उपविधी वैध ठरवली. आणि भाड्यानं देणाऱ्या मालकाशी कुठल्या कलमानं भांडणार? तो 'तुमच्या नावामुळे' असं कधी म्हणतच नाही, टोकन आलं म्हणतो.

२०२२ मध्ये मी पुन्हा प्रयत्न केला, लिफ्टचा फ्लॅट, भाड्यानं. आता नकाराला दोन कारणं झाली होती. नाव पहिलं, आणि दुसरं, "ऐंशीचे आहेत का? उद्या काही झालं तर? माणसं किती येतील!" यातलं खरं कुठलं ते मी विचारलं नाही.

गल्लीला मी नावं ठेवणार नाही. औषध संपलं तर मेडिकलवाला गोळ्या वर पाठवतो. भाजी, पेपर, दूध सगळं आमच्या गॅलरीतून सोडलेल्या दोरीच्या पिशवीतून येतं. रात्री अडीचला हाक मारली तर चार पोरं जिन्यात उभी असतात, हे तुमच्या लिफ्टच्या बिल्डिंगीत होईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण "आपल्या लोकांत राहायला त्यांना आवडतं" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. अब्बांचे लोक नाशिकरोडला आहेत. रोज सकाळी प्रेसची रिटायर मंडळी बागेत जमतात, त्यातला कुणीतरी फोन स्पीकरवर टाकतो आणि अब्बा इथून मराठी पेपरातल्या शब्दकोड्यातलं अडलेलं विचारतात.

गेल्या महिन्यात तेच काका रिक्षा करून आले. एकोणऐंशीचे आहेत, त्यांचेही गुडघे गेलेत. पहिल्या मजल्यापर्यंत चढले आणि परत उतरले. मग खाली दुकानाच्या ओट्यावर बसले, वर गॅलरीत अब्बा, आणि दोघं अर्धा तास ओरडून बोलले. कोण गेलं, कुणाची पेन्शन अडली, सगळं गल्लीला ऐकू. काकांनी आणलेला चिवडा पिशवीत घातला, अब्बांनी दोरी ओढली. निघताना काका खालून म्हणाले, "पोरीला सांग रे, लिफ्टचं घर बघ म्हणावं."

अब्बा म्हणाले, "बघतेय ती."