वहीतली पुसलेली अक्षरे

व्हिडिओ गेम हा निव्वळ विरंगुळा असावा, त्यात सामाजिक संदेश आणि वैविध्य कशाला हवे, असे म्हणणारे मित्र मला अधूनमधून भेटतात. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही, कारण तोंडात भाषण कोंबलेली पात्रे मलाही खटकतात. परंतु खेळातून काही सांगणे ही काल-परवाची टूम नाही. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात शिडीच्या पायथ्याशी सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण लिहिलेले असत. सोंगटी घसरली की कोणत्या दोषापायी घसरली, हे खेळणाऱ्याला तिथेच कळे. म्हणजे सांगणे खेळाच्या नियमातच मुरलेले होते, आणि हे मुरणे मला टोरांटोच्या विसाई गेम्सने २०२३ साली आणलेल्या 'वेण्बा'त फार प्रकर्षाने जाणवले.

१९८०च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात आलेले वेण्बा आणि पावलन हे जोडपे, त्यांचा मुलगा कविन आणि वेण्बाच्या आईची पाककृतींची वही, एवढाच या गेमचा संसार. वहीची पाने फाटलेली, काही ठिकाणी अक्षरे पुसलेली. त्यामुळे इडलीपात्रात आधी काय, मग काय, ताटल्या एकमेकींवर कशा रचायच्या, हे खेळणाऱ्याने चित्रांवरून ताडायचे. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. मोठा होता होता कविन घरच्या भाषेपासून दुरावतो, मित्रांमध्ये 'केविन' होतो. पुढे तोच जेव्हा वही उघडून स्वयंपाकाला उभा राहतो, तेव्हा अडचण पुसलेल्या अक्षरांची उरत नाही, वाचणाऱ्याची होते. तमिळ धड वाचता येत नसल्यामुळे सूचना त्याला अर्धवट कळतात आणि त्याच्या जागी खेळणाऱ्या आपल्यालाही तेवढ्याच कळतात. मातृभाषा सुटण्याचे दुःख कुणी बोलून दाखवत नाही. पातेल्यात पुढे काय घालायचे, हे कळेनासे होते. मला तर त्या प्रसंगी गेम थांबवून काही वेळ नुसते बसून राहावे लागले.

ल्युकस पोप यांनी २०१३ साली आणलेल्या 'पेपर्स, प्लीज' या गेममध्ये आपण एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे तपासनीस असतो. जितकी माणसे तपासू तितका पगार, आणि त्याच पगारातून घरच्यांचे जेवण, औषध, ऊब. एक माणूस येतो, त्याची कागदपत्रे चोख. जाताना तो विनवतो की मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती समज मिळते, तिसरीला दंड. म्हणून दया दाखवण्याआधी आपण आपल्या चुका मोजतो, आणि अशी मोजदाद करणारे आपणच आहोत, हे लक्षात येते तेव्हा अंगावर काटा येतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी' या गेमचा (२०२०) मला अभिमान वाटतो, कारण त्यातही सांगणे खेळण्यातच मुरलेले आहे. पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे आणि तिची ती कसरतच लढाईत तिच्या कामी येते. खांबावर चढणे, भिंतीवरून धावणे, उंच उडी घेणे हे सारे आपल्याच बोटांखाली घडत असते. दोरीवर चालणाऱ्या मुलीपुढे नाणे टाकून पुढे जाण्याची सवय असलेल्यांना तिच्या अंगी असलेले कौशल्य असे हाताने अनुभवायला मिळावे, याला मी मोठी गोष्ट मानतो.

माझा भाचा अमेरिकेत वाढला. मराठी बोलतो, वाचताना मात्र अडखळतो. 'वेण्बा' त्याला मीच सुचवला होता. खेळून झाल्यावर आठवडाभराने त्याने आमच्या आईच्या वहीतल्या एका पानाचा फोटो मला पाठवला. ते पान भरल्या वांग्यांचे होते. अक्षर लावून लावून त्याने सगळे वाचले होते, फक्त एका शब्दाखाली रेघ ओढून विचारले होते, "मामा, 'अदमासे' म्हणजे किती चमचे?"