आजी यंदा ऊसतोडीला गेली नाही

मंगळवार, रात्र

वस्तीवरच्या बाळंतिणीकडे आज चौदाव्या दिवसाची गृहभेट केली. झोळीच्या काट्यावर बाळ २ किलो ४०० ग्रॅम भरलं. जन्मलं तेव्हा २ किलो २०० होतं, त्यामुळे फार बरं वाटलं.

आई अठरा वर्षांची, लग्न सोळाव्या वर्षी उरकलेलं. आजीची अजून चाळिशीही आलेली नाही. दर साल दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, साखर कारखान्यावर जातो, तो मार्च-एप्रिललाच परततो. यंदा लेकीच्या बाळंतपणासाठी आजी मागं राहिली. आजोबा एकटेच गेले, म्हणून मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, अर्ध्या कोयत्याचीच मिळाली.

पाय पसरून त्यावर बाळाला तेल चोळता चोळता आजी म्हणाली, "पोरीला एकलीला घरी ठिवायचं भ्या वाटायचं ताई, म्हणून लगीन लावलं. तवा तिच्यासाठी न्हाई राहता आलं, आता लेकरासाठी राहिले."

काय बोलावं कळेना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. आमच्या बीड जिल्ह्यात तर प्रमाण याच्या दुपटीच्या घरात. आई-बाप सहा महिने उसाच्या फडात असले की वयात आलेल्या पोरीचं काय करायचं, याला गावात लग्नाशिवाय दुसरं उत्तरच नाही. ते दुसरं उत्तर आपण द्यायला हवं. नुसत्या आजीला बोल लावून काय होणार?

आजीचे हात मात्र सोन्याचे. पोर म्हणत होती, "मला धरायची भीती वाटते, आईपाशीच गप बसतो." मग आजीनं गोधडीची घडी तिच्या कोपराखाली सरकवली, बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत आणलं. बोंडाबरोबर भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, हे मी दाखवलं. बाळ चुटूचुटू ओढू लागलं तशी पोर हसली. मध आणि गुटी एवढंच आजीला बंद करायला सांगितलं; सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध तर वर्षाच्या आत नकोच. पोरीच्या लोहाच्या गोळ्या तशाच पडून होत्या, त्या आजीच्या ताब्यात दिल्या.

निघताना पोरीनं विचारलं, दहावी बाहेरून देता येते का. शाळेत १७ नंबरच्या फॉर्मची चौकशी करते म्हटलं. पेपराच्या वेळी बाळ सांभाळायला आजी तयार आहे. सासरच्यांशी कोण बोलणार, ते मात्र अजून ठरलेलं नाही.