वरून मोजा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला आणि शाळेच्या इमारतीआधी आठवल्या त्या गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्या. भूगोलाच्या सरांमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की ठाण्यात दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

सरांची बंदराची सहल, म्हणजे गेटवेहून लाँचने घारापुरी बेटावर, ठरायची ती पंचांगावर, रेल्वेचं वेळापत्रक नंतर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा हिशेब. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला तेवढं पुरतं. सोमवार वर्ज्य, कारण त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद. निघायचं सकाळीच, कारण दुपारी वारा उठतो आणि पाणी उसळायला लागतं.

लाँचमध्ये चढायचं शिक्षण मैदानावरच व्हायचं. ओहोटीला खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तिथे चप्पल सटकते, बूट हवेत. लाँच लाटेबरोबर वरखाली होते. ती वर येऊन पायरीच्या पातळीला आली की पाय टाकायचा. खाली जाताना टाकला तर तोल गेलाच. धक्का आणि लाँच यांच्या मधल्या फटीत हात घालायचा नाही. कधी दोन-तीन लाँच एकमेकींना लागून उभ्या असतात, तेव्हा एकीतून दुसरीत जायचं, पण पिशवी आधी पुढच्याच्या हातात द्यायची. बसायचं मधोमध: पुढे तुषार, मागे डिझेलचा धूर. परतताना वायव्येचा वारा उजवीकडून येतो, म्हणून डावी बाजू धरायची. पोट रिकामं नको आणि वडापावने भरलेलंही नको. मूठभर चुरमुरे बरे. मळमळायला लागलं तर नजर क्षितिजावर. त्या वेळी डोकं पुस्तकात घातलं की संपलंच.

आता पायऱ्यांविषयी. जाताना आणि आल्यावर गेटवेच्या पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजून वहीत लिहायच्या, एका पायरीची उंची पट्टीने घ्यायची आणि दोन आकड्यांच्या फरकाला त्या उंचीने गुणायचं. आली भरतीची उंची. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, मुंबईत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, त्याच्या निम्म्याच्या आसपास. मोजणी वरून करायची. खालून सुरू करणाऱ्याच्या दोन पायऱ्या लाट झाकते आणि उघडते, मग प्रत्येकाचा आकडा वेगळा.

एका वर्षी गुरुनानक जयंतीच्या सुट्टीचा मुहूर्त धरला. कार्तिकी पौर्णिमा, उधाण जोरात. सकाळी नऊला पायऱ्या मोजल्या, दुपारी दोनला परत मोजल्या, आकडा जवळजवळ तोच! मुलं हिरमुसली, दोघांनी तर समुद्र बंद पडल्याचं जाहीर केलं. सरांनी तिकिटाच्या मागे डोंगरासारखी रेघ काढली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. टोकाच्या अलीकडे दोन-अडीच तासांवर आपण निघालो आणि पलीकडे तितक्याच अंतरावर परतलो. पाणी चढून उतरलं तेव्हा आपण बेटावर होतो. पुढच्या वर्षापासून तृतीया.

घारापुरीला तासाभरात पोचतो. तिथला धक्का इतका लांब का, तर किनाऱ्यालगत उथळ गाळ, लाँच आत येऊच शकत नाही. वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. सहाव्या शतकातलं मुख्य लेणं नीट पाहायला तास-दीड तास हवा, आणि सदाशिवाच्या मूर्तीसमोर अंधाराला डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता राणीच्या बागेत आहे.

परतल्यावर चालत नौदलाच्या गोदीचं लायन गेट, 1718 साली खुलं झालेलं सेंट थॉमस चर्च, टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या (या मोजायला सोप्या) आणि सीएसएमटी. तिथून गाडी सुटते, म्हणून बसायला जागा मिळते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 57 मिनिटांत आली होती. स्लो लोकलला आजही साधारण तेवढाच वेळ लागतो, हे सर मुलुंड आलं की सांगायचेच.

बंदरात नोकरी करताना भरतीचं कोष्टक रोज माझ्या हाताखालून जातं. पाऊणपट मात्र आधी मनात होते. हल्ली शाळेची सहल बसने वॉटरपार्कला जाते म्हणे. तिथल्या पाण्याला तिथी नसते. 2024 पासून घारापुरीच्या उत्तरेला अटल सेतू झाला आहे, तेवढं एक बघायचं वाढलं.

पुन्हा न्यायची झाली तर हिवाळ्यातली वद्य तृतीया बघा, पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस उधाण अजून टिकून असतं. त्या दिवशी सोमवार नाही ना, एवढं पाहून घ्या. नऊच्या सुमारास पहिली लाँच, अडीचपर्यंत गेटवेला परत. पट्टी तीस सेंटिमीटरची न्या, पंधराची पुरत नाही.