काटा ७० वर अडला तेव्हा

आईच्या दाढा गेल्यापासून नाताळच्या जेवणात ती नुसता रस्सा नि भात घेते. म्हणून मला पोर्क असं करायचं होतं, की बोटांनी त्याच्या रेषा सुटाव्यात. मागच्या वर्षी मांसात खोचलेल्या थर्मामीटरने ७२ अंश सेल्सिअस दाखवताच तुकडा ओव्हनबाहेर काढला. शिजला होता, पण चिवट. सुरीने कापून रश्शात टाकावा लागला.

यंदा भुसावळच्या आमच्या खाटकाला दोन दिवस आधी सांगून ठेवलं: खांद्याचाच दोन किलोचा तुकडा, हाडासकट, चरबी न काढता. मांडीचं मांस कोरडं पडतं. खांदा जनावराचा राबता भाग, त्यात चिवट पडदे भरपूर, आणि तेच हळूहळू विरघळून मांस मऊ करतात. रात्री किलोला १५ ग्रॅम मीठ, मूठभर किसलेला गूळ आणि घरचा काळा मसाला चोळून फ्रीजमध्ये ठेवलं.

सकाळी सातला कांद्याच्या जाड चकत्यांवर तुकडा ठेवून ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १३० अंशांवर लावला. टायमर ६० मिनिटांचाच, त्यामुळे दर तासाला उठून फिरवायचा.

अकराला थर्मामीटरचा काटा ६९ वर आला आणि तिथेच बसला. साडेबारा वाजले तरी ७०! आई धुळ्याकडची, ओट्याशी येऊन म्हणाली, "आते काढी ले ना, शिजी गयं व्हई." मलाही आच वाढवावीशी वाटत होती. मागच्या वर्षी मी नेमका इथेच फसलो होतो. मांसातलं पाणी वर येऊन त्याची वाफ होते आणि ओव्हन देतो ती उष्णता ती वाफच घेऊन जाते. मे महिन्यात आपला माठ पाणी गार ठेवतो, तीच गोष्ट. पाझर थांबला की गारवा संपतो. मग मी ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी घातलं आणि फॉइलचे दोन पदर कडांना घट्ट आवळून बसवले. वाफ कोंडली, तासाभरात काटा ७९ वर गेला.

साडेतीनला ९४. आकड्यापेक्षा मी हाडावर विश्वास ठेवतो: चिमट्याने धरून फिरवलं, तर ते अलगद सुटून हातात आलं. तरी लगेच उकललं नाही. तासभर तसंच झाकून ठेवलं, नाहीतर सगळा रस ट्रेमध्ये वाहून जातो. मग दोन काट्यांनी रेषेरेषेने सोडवलं, ट्रेमधल्या रसावरची चरबी काढली, त्यात दोन चमचे व्हिनेगर घालून तो परत मांसावर ओतला. अमेरिकेतल्या कॅरोलायनाकडेही अशा सोडवलेल्या पोर्कला व्हिनेगर लावतात. गुळामुळे ते हवंच.

कळण्याची भाकरी, कांदा आणि हे. आईने भाकरीचा पापुद्रा काढून त्यात थोडं घेतलं, सावकाश खाल्लं, आणि ताटली पुन्हा माझ्यापुढे केली.